मिठीवरची बंदी

रिफअतला फक्त एवढंच बघायचं होतं, की ती मिठी खरोखर सुटत नाही का. यात कुणाचं काही बिघडण्यासारखं नव्हतं. पण पोर्ट सैदमध्ये एखाद्याला काही बघायचं असलं, की आधी ते का बघायचं आहे हे अर्ध्या गावाला सांगावं लागतं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या मेव्हण्यानं ते पूर्वीच बघून ठेवलेलं असतं.

सुरुवात एका शुक्रवारी झाली. नमाज आटोपलेला, तळलेला मासा आणि भात पोटात गेलेला, आणि अरब मोहल्ल्यातल्या हाजी शेहाताच्या गेमच्या दुकानात नेहमीची मंडळी जमलेली. या मंडळींत पोरंटोरं नव्हती. पन्नाशीच्या आसपासचे, चष्मेवाले, साखरेच्या आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या खिशात बाळगणारे संसारी गृहस्थ दर शुक्रवारी तिथं जमत आणि तरुणपणी सुरू केलेली एक मारामारी पुढे चालवत. मारामारी अर्थातच पडद्यावरची. खेळ इतका जुना, की तो बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. पण हाजीच्या दुकानात त्याची स्पर्धा अजून चालू होती, आणि हरलेला गृहस्थ घरी गेल्यावर बायकोशी दोन दिवस धड बोलत नसे.

दुकानाच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटमध्ये, चांगल्या रंगाऱ्याकडून लिहून घेतलेलं होतं, ‘मिठी बंद’. खेळात एक टकला पैलवान होता, त्याची ही चाल. समोरच्याला कोपऱ्यात गाठायचं आणि मिठी मारायची. एकदा मिठी बसली, की समोरच्याचा जीव संपेपर्यंत सुटका नाही. निदान सगळे तसं म्हणत. ती अक्षरं रंगवून इतकी वर्षं झाली होती, की नव्यानं येऊ लागलेल्यांनी मिठी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. त्यांच्या लेखी ती आजोबांच्या काळातल्या साथीच्या रोगासारखी ऐकीव गोष्ट होती.

त्या शुक्रवारी कुणाचा तरी साडू इस्माइलियाहून आला होता. त्यानं चहात पुदिना बुडवता बुडवता भिंतीकडे बघितलं आणि सहज विचारलं, की मिठी का बंद आहे.

इंजिनियर नगीब, म्हणजे दुकानाचा सध्याचा विजेता, म्हणाला की सभ्य माणसाला ती चाल शोभत नाही. हाजी शेहाता म्हणाला, मिठीत सापडलेला माणूस बटणं इतकी जिवाच्या आकांतानं दाबतो, की कंट्रोलरची बटणं आत जातात. आणखी एकजण म्हणाला की एका गृहस्थाला मिठीत सापडल्यावर छातीत दुखलं होतं. पण त्या गृहस्थाचं नाव काही त्याला आठवेना. ती सुटत नाही यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. कुणी कसा प्रयत्न करून पाहिला होता, हे साडूनं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले.

आता रिफअत होता कस्टममध्ये, आणि तिथंही निषिद्ध मालाच्या विभागात. त्याची उभी हयात बंदी असलेल्या वस्तूंच्या सहवासात गेली होती. कुठल्या वस्तूवर बंदी आहे हे तो झोपेतसुद्धा सांगू शकला असता. का आहे, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. कचेरीत असे प्रश्न विचारणाऱ्यांची बदली वाळवंटात होते. पण इथं त्याला कोण कुठं बदलून पाठवणार होतं? त्याच्या डोक्यात तो प्रश्न शिरला तो शिरलाच. रात्री जेवताना बायकोनं, अफाफनं, भात वाढू का म्हणून विचारलं, तर हा म्हणाला, "कुणी बघितलंय पण?"

पुढच्या शुक्रवारी त्यानं मंडळींपुढे विषय काढला. एक दिवसापुरती बंदी उठवू, बघू काय होतं ते. त्यावर असा गोंधळ माजला, की समोरच्या न्हाव्यानं गिऱ्हाईक अर्धवट सोडून डोकावून पाहिलं. नगीब म्हणाला, आज मिठी, उद्या पडद्यावर थुंकायलाही परवानगी मागाल. हाजीनं मात्र शांतपणे कायद्याचा मुद्दा काढला. बंदी घातली तेव्हा एकजण सोडून हजर असलेल्या सगळ्यांच्या संमतीनं घातली होती. तेव्हा ती उठवायची तर त्या सगळ्यांची संमती हवी. बाकीच्यांनी कुरकुरत मान डोलावली, पण त्यातला एकजण आता कुवेतमध्ये होता.

कुवेतच्या गृहस्थाला रिफअतनं फोन केला. त्यानं फोन उचलला नाही. त्याऐवजी तो बोललेलं रेकॉर्ड करून पाठवू लागला. पहिल्यात त्यानं कुवेतच्या उकाड्याचं वर्णन केलं. दुसऱ्यात मिठीबद्दल आपलं तत्त्वतः काही म्हणणं नसल्याचं सांगितलं. तिसऱ्यात म्हणाला, की तू पोर्ट सैदमध्ये आहेसच, तर माझ्या बहिणीच्या घरी न्हाणीघराचं छत गळतंय, तेवढं बघून ये, मग सवडीनं बोलू. रिफअत गेला. छत वरच्या मजल्यामुळे गळत होतं. वरच्या मजल्यावरच्याचं म्हणणं, की पाणी आपलं नाहीच. दोन्ही मजल्यांनी रिफअतला सरकारी माणूस समजून आपापली बाजू ऐकवली, आणि शेवटी प्लंबर त्यालाच शोधून आणावा लागला. छत गळायचं थांबलं आणि कुवेतची संमती आली.

तरीही हाजी शेहाता हलेना. त्याचं म्हणणं सरळ होतं. भिंतीवर अक्षरं आहेत तोवर माझ्या छपराखाली मिठी नाही. आणि मिठी सुटते हे कुणी दाखवल्याशिवाय मी अक्षरं पुसणार नाही. रिफअतनं हे दोनदा मनाशी घोळवलं. बंदी उठवायला चाचणी हवी, आणि चाचणी करायला बंदी उठायला हवी. आपल्या कचेरीबाहेर इतकं पक्कं काम त्यानं प्रथमच पाहिलं, आणि त्याला हाजीबद्दल आदर वाटला.

तोडगा असा निघाला, की चाचणी रिफअतच्या घरी करायची. खेळाचं यंत्र लहान होतं, पिशवीत मावणारं. पण हा खेळ सपाट टीव्हीवर चालत नाही. तिथं बटण दाबल्यावर पडद्यावरचा माणूस विचार करून हात उचलतो. या खेळाला जुना, मागे पोट असलेला डबा टीव्हीच लागतो. हाजीनं आपल्या मागच्या खोलीतल्या दोनांपैकी एक दिला, आणि तो देताना मुलगी सासरी धाडल्यासारखा त्यावरून हात फिरवला.

रिफअतचं घर कालव्यापलीकडे, पोर्ट फुआदला. टीव्ही चादरीत बांधून तो फेरीबोटीवर चढला, आणि चढताक्षणी सगळ्या बोटीला काम मिळालं. एकजण म्हणाला, पाठीवर ठेवू नका, आतला वायू निघून जाईल. दुसरा म्हणाला, पाठीवरच ठेवा, काचेचं वजन काचेला पेलवत नाही. एका बाईंनी खारा वारा लागू नये म्हणून आपली शाल देऊ केली. तेवढ्यात एक वयस्क गृहस्थ जवळ येऊन निरखून म्हणाले, "तुम्ही कस्टममधले ना?" रिफअत हो म्हणाला. त्या गृहस्थांनी चादरीकडे पाहिलं, मग रिफअतकडे पाहिलं, आणि दूर जाऊन उभे राहिले. मग बाकीचेही हळूहळू सरकले. बाईंनी शालही परत घेतली.

घराच्या जिन्यात मॅडम ऐदा उभ्या होत्या. मॅडम ऐदा खालच्या मजल्यावर राहत, आणि इमारतीत येणारी प्रत्येक वस्तू त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय वर जात नसे. त्यांनी रिफअतला काही विचारलं नाही. सौजन्य म्हणून दार थोडं लोटून घेतलं, आणि फटीतून बघत राहिल्या.

आता राहिला तो मिठी मारणारा. तो एकच होता, डॉक्टर वहीद. वहीदचं फेरीच्या धक्क्याजवळ औषधांचं दुकान होतं, आणि तिकडे औषधवाल्यालाही डॉक्टरच म्हणतात. मिठी ही त्याचीच चाल. त्यानंच ती शोधली आणि तिच्या जोरावर एके काळी दर शुक्रवारी सगळ्यांना लोळवलं. बंदी आली त्या दिवशी तो उठला, माझे हात बांधून बसवणाऱ्यांत मी बसत नाही म्हणाला, आणि पुन्हा हाजीच्या दुकानात आला नाही. रिफअत आणि तो एका बाकावर शिकलेले. त्याच्याशिवाय शुक्रवार अळणी होतात हे रिफअत कुणाला बोलून दाखवत नसे, पण वाटायचं त्याला तसं.

"पुन्हा मिठी?" वहीद काउंटरमागून म्हणाला. त्याचा चेहरा उजळला, आणि मग तो लगेच सावरून गंभीर झाला. "बघ बाबा. तुलाच त्रास होईल."

खोकल्याचं औषध घ्यायला आलेला एक माणूस हे ऐकत होता. तो दबक्या आवाजात रिफअतला म्हणाला, "हेच ना ते, ज्यांच्यामुळे बंदी घालावी लागली?" वहीदनं ऐकलं नाहीसं दाखवून औषधाची बाटली फडक्यानं पुसली. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

मंगळवारी संध्याकाळी वहीद बसबूसाचा, म्हणजे पाकातल्या रव्याच्या वड्यांचा, डबा घेऊन आला. दोघं टीव्हीपुढे सतरंजीवर बसले. टकल्या पैलवानानं रिफअतच्या माणसाला कोपऱ्यात गाठलं आणि मिठी मारली. रिफअतनं डावीकडची बटणं दाबली, उजवीकडची दाबली, सगळी एकदम दाबली. मग क्रम लावून दाबली, उलट्या क्रमानं दाबली. कचेरीतली शिस्त होती अंगात. एकही शक्यता त्यानं सोडली नाही. मिठी काही सुटेना. त्याचा माणूस मरायचा, पुन्हा उठायचा, पुन्हा मरायचा. वहीद अधूनमधून बसबूसाचा तुकडा तोंडात टाकत म्हणायचा, "सांगितलं होतं ना?" इतक्या वर्षांत रिफअतनं त्याला एवढं खुशीत पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात अफाफ चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली.

"जिन्यात ऐदाबाई भेटल्या," ती म्हणाली. "मला म्हणाल्या, तुझा नवरा प्रामाणिक आहे असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. आणि आता घ्यायचीच होती लाच, तर निदान सपाट टीव्ही तरी घ्यायचा."

रिफअतचा एक स्वभाव होता. दोन्ही हात मोकळे असल्याशिवाय त्याला बोलता येत नसे. फोनवरसुद्धा तो मान वाकडी करून फोन खांद्यात धरी, हातवाऱ्यांना जागा राहावी म्हणून. लाचेचा आरोप एक वेळ त्यानं पोटात घातला असता. कस्टमच्या माणसाला त्याची सवय असते. पण निषिद्ध मालाच्या विभागातला अधिकारी एका डबा टीव्हीवर विकला जातो, ही किंमत त्याच्या जिव्हारी लागली. पडद्यावर मिठी चालू होती. त्यानं कंट्रोलर सतरंजीवर ठेवला, दोन्ही हात वर केले आणि बोलायला तोंड उघडलं.

पडद्यावर टकल्या पैलवानाचे हात गळून पडले. रिफअतचा माणूस मोकळा होऊन बाजूला उभा राहिला.

रिफअतचे हात तसेच हवेत राहिले. "परत मार," तो म्हणाला.

वहीदनं परत मिठी मारली. रिफअतनं बटण दाबलं, मिठी आवळली. हात काढला, मिठी सुटली. एक बोट लावलं, आवळली. उचललं, सुटली. धडपड केली की ती घट्ट होत होती. स्वस्थ बसलं की आपोआप सुटत होती. खेळ बनवणाऱ्याला वाटलं असेल, हा सोपा उपाय लोकांना पहिल्याच दिवशी सापडेल. पोर्ट सैदचा माणूस कशात सापडला असता स्वस्थ बसत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नसणार.

"हात खाली ठेवले की सुटतं?" अफाफ ट्रे ठेवत म्हणाली. "आणि हे तुम्हा इतक्या शिकलेल्यांना आजवर कळलं नाही?"

रिफअत आनंदानं सतरंजीवरून उठला आणि पुन्हा बसला. किती सोपं, किती सुंदर. पैलवान पाठमोरा असला तर काय होईल? दोघंही पैलवान घेतले तर? शुक्रवारी आपण हे कसं दाखवायचं, नगीबचं तोंड कसं होईल, भिंतीवरची अक्षरं पुसायला रॉकेल लागेल की रंगच मारावा लागेल, असं तो हात नाचवत बोलत सुटला. बऱ्याच वेळानं त्याचं वहीदकडे लक्ष गेलं. बसबूसाचा एक तुकडा त्याच्या हातात तसाच होता.

"रिफअत," वहीद म्हणाला, "माझं दुकान कसं चालतं तुला माहीत आहे. पलीकडे नवं मोठं झाल्यापासून कोण येतं माझ्याकडे? घरी मुलं विचारत नाहीत. पण बोटीवर कुणी ना कुणी दुसऱ्याला कोपरानं ढोसून सांगतं, हाच तो. सगळ्या गावाला मिळून ज्याची चाल आवरली नाही, तो." त्यानं तो तुकडा परत डब्यात ठेवला. "आता तू सांगणार, की नुसतं गप्प बसलं तरी चाललं असतं."

तो चहा न घेता गेला. रिफअत टीव्ही बंद करून त्या काळ्या काचेपुढे बसून राहिला. कळावं म्हणून त्यानं एवढी धडपड केली होती, आणि कळल्यावर त्याला फार वाईट वाटत होतं.

शुक्रवार उजाडेपर्यंत बातमी सगळीकडे झाली होती. घरी चाचणी झाली, निकाल काय तो कुणाला ठाऊक नाही. कुतूहलापायी हाजीचं मन पाघळलं. त्यानं भिंतीवरच्या अक्षरांवर जुनी चादर टांगली आणि जाहीर केलं, की चादर आहे तोवर एक डाव होऊ दे. मंडळींशिवाय न्हावी, त्याचं गिऱ्हाईक, शेजारचा फळवाला, आणि मुद्दाम परत आलेला इस्माइलियाचा साडू, असे सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. मिठीत कोण बसणार, यावर नगीब पुढे होऊ लागला; पण रिफअत आधीच खुर्चीवर जाऊन बसला होता.

वहीद इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. रिफअतच्या बाजूला बसताना तो एवढंच म्हणाला, "चल, उरकून टाक."

पैलवानानं रिफअतच्या माणसाला कोपऱ्यात नेलं आणि मिठी मारली. नव्या लोकांनी माना पुढे काढल्या. रिफअतला एकच गोष्ट करायची होती, म्हणजे काहीच करायचं नव्हतं. अंगठे उचलले की झालं. मग सगळं दुकान त्याच्याभोवती गोळा झालं असतं, आणि तो आयुष्यभर मिठी सोडवणारा रिफअत म्हणून ओळखला गेला असता. त्याला हे हवंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. त्यानं तिरप्या नजरेनं वहीदकडे पाहिलं. वहीद पडद्याकडे न बघता स्वतःच्या अंगठ्यांकडे बघत होता.

रिफअतनं बटण दाबलं. मिठी आवळली.

"काय, सुटते का?" नगीब मागून म्हणाला. रिफअत बटणं दाबत राहिला. त्याच्या माणसाचा अर्धा जीव गेला. "घरी काय चाचणी केली मग यांनी?" नगीबला आता चेव चढला होता. "चाचणीबिचणी काही नाही हो. या साहेबांना टीव्ही घरी न्यायचा होता. सगळं पोर्ट फुआद बोलतंय. कस्टमचा एवढा मोठा अधिकारी, आणि लाच काय घेतली, तर डबा टीव्ही. खोटं असेल तर सांगा ना, साहेब. आत्ता सांगा सगळ्यांसमोर."

दुकान हसलं. टीव्ही हाजी शेहातानंच उसना दिला होता, पण तो चादर सरकते की काय ते बघण्यात गुंतला होता. रिफअतचं उत्तर तयार होतं, तीन भागांत, पुराव्यासह, आणि त्यासाठी फक्त दोन हात लागत होते. त्याचे खांदे आपोआप वर गेले. बोटं ताठ झाली. त्यानं दात आवळले आणि कंट्रोलर असा गच्च धरला, की एक बटण कट्कन आत गेलं ते परत वर आलंच नाही. मिठी शेवटपर्यंत चालली.

त्याचा माणूस पडला. हाजीनं चादर ओढून काढली, आणि भिंतीवरची निळी अक्षरं सगळ्यांनी आदरानं वाचली. बंदी कायम, असं हाजी म्हणाला. त्यावर मत घ्यायचीही गरज पडली नाही. इस्माइलियाचा साडू वहीदजवळ येऊन हस्तांदोलन करून गेला. फळवाल्यानं त्याला संत्रं दिलं. न्हाव्यानं उठून खुर्ची दिली. मग नगीबनंच घसा साफ करून विचारलं, की डॉक्टर, मिठी सोडून खेळायचं असेल, तर पुढच्या शुक्रवारी येणार का? एवढा खेळणारा बाहेर बसलेला बरा दिसत नाही. वहीद म्हणाला, बघतो, जमलं तर. पण उत्तर देईपर्यंत त्यानं बाह्या वर सारल्या होत्या, आणि तो पुढचा डाव खेळूनच उठला. हरला तो चांगलाच, तरी समोरचा जिंकणारा घामानं भिजला होता.

रिफअतशी मात्र कुणी फारसं बोललं नाही. जो आपल्या इज्जतीवर आलं असूनही उत्तर देत नाही, त्याच्याकडे उत्तर नसतं, हे उघडच होतं. हाजीनं टीव्ही लवकर परत आणून द्या म्हणून बजावलं, आणि तेही जरा हळू आवाजात, चारचौघांत त्याची शोभा नको म्हणून. आत गेलेलं बटण त्याच्या नावावर लागलं ते वेगळंच.

संध्याकाळी दोघं एकाच बोटीनं परत निघाले. मधे एक मोठं मालवाहू जहाज जात होतं, म्हणून बोट थांबली होती. वहीद कठड्याला टेकून संत्रं सोलत होता. त्यानं अर्धं रिफअतला दिलं. मागे दोन माणसं उभी होती. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसून वहीदकडे बोट दाखवलं, मग रिफअतकडे दाखवलं, आणि दोघं हसले.

वहीदला ते ऐकू आलं. त्यानं संत्र्याची साल पाण्यात टाकली.

"नगीब ते टीव्हीचं बोलला," तो म्हणाला, "तेव्हा तू उत्तर का दिलं नाहीस?"

रिफअतनं संत्र्याची फोड तोंडात टाकली.

"हात गुंतले होते," तो म्हणाला.